हिमनदीच्या बर्फात नळाचं पाणी

मीटरवरचा आकडा बघून मी आधी बीकर बदललं. मग प्रोब धुतला. मग बर्फाचा दुसरा तुकडा वितळवून पुन्हा मोजलं. आकडा जवळपास तोच. बर्फाच्या खोक्यावर छापलं होतं की हा ग्रीनलंडच्या हिमनदीचा, हजारो वर्षं जुना, आधुनिक जगाचा स्पर्श न झालेला बर्फ आहे. मीटर म्हणत होतं, स्पर्श झालाय. चांगलाच झालाय.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. या बर्फाचा क्लायंट आमच्या लॅबमधल्या मृणालने आणला होता.

मी मिल्टन कीन्सला एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. लोक आमच्याकडे सॉस पाठवतात, चिकन पाठवतात, पबच्या आइस मशीनमधला बर्फ पाठवतात. त्यात काय आहे आणि काय असायला नको होतं, ते आम्ही सांगतो. वर सांगितलेलं मीटर हे आमचं सगळ्यात साधं यंत्र. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं. पाण्यात क्षार जास्त, तर आकडा जास्त. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं पडलेलं हिम एकावर एक दाबलं जाऊन झालेला बर्फ. तो आभाळातून आलेला, जमिनीत मुरलेला नसतो, म्हणून त्यात क्षार नावालाच. त्याच्या पाण्यात मीटर झोपून राहायला हवं.

धंदा असा होता. ग्रीनलंडच्या खाड्यांमध्ये हिमनदीचे कडे तुटून समुद्रात पडतात. तरंगणारे तुकडे बोटीवर ओढून घ्यायचे, फ्रीझर कंटेनरमधून इंग्लंडला आणायचे, करवतीने चौकोनी कापायचे आणि लंडनच्या महागड्या बारना विकायचे. व्हिस्कीत टाकला की हा बर्फ तडतडतो, कारण आत दाबून बसलेली जुनी हवा फुटून बाहेर येते. ती तडतड ऐकायला लोक पैसे मोजतात. आमच्याकडे फोडणीतली मोहरीही तडतडते, पण तिचं कोणी खोकं छापलं नाही.

त्या बर्फाचाही मला जरा हेवाच वाटायचा. काहीही न करता एका जागी नुसता पडून राहिला आणि त्याची किंमत वाढली. मीही या लॅबमध्ये बरीच वर्षं पडून होते. माझी वाढली नव्हती.

त्या सुमारास आमची टेक्निकल मॅनेजर रिटायर झाली होती आणि तिची खुर्ची रिकामी होती. डायरेक्टर ग्रॅहम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हे बर्फाचं अकाउंट नीट उभं राहू दे, मग बघू." बघू म्हणजे मृणाल, हे कॅन्टीनच्या बाईलाही कळलं होतं.

मृणाल पुण्याची. आजोबा डॉक्टर, वडील सर्जन, आजीसुद्धा कॉलेजात शिकवायची. ती माझ्यानंतर लागली. पिपेट कसं धरायचं ते मी तिला दाखवलं. वर्षभरात ती तपासणीचं बेंच सोडून क्लायंटच्या बाजूला गेली. दिवाळीला तिने सगळ्या ऑफिससाठी करंज्या आणल्या तर ग्रॅहमने रेसिपी मागितली. मी डब्यातली मेथी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तर दारावर 'कृपया खिडकी उघडा' अशी चिठ्ठी लागली.

मी परभणीची. वडील, म्हणजे अण्णा, कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, मायक्रोबायॉलॉजीची, आणि ती मी कोणाच्या शिफारशीवर मिळवलेली नाही. अण्णांना 'सीनियर ॲनालिस्ट' हे लोकांना सांगता येत नाही. ते 'लंडनला तपासणीत आहे' असं सांगतात, आणि लोकांना वाटतं मी दवाखान्यात लघवी तपासते. 'मॅनेजर' त्यांना सांगता आलं असतं. मला ती खुर्ची हवी होती, आणि ती मृणालला मिळायला नको होती. यातलं जास्त कुठलं हवं होतं ते मी कधी मोजलं नाही.

मी आकडा घेऊन तिच्या डेस्कपाशी गेले.

"तुझ्या बर्फात काहीतरी आहे," मी म्हटलं.

"माझ्या काय, ह्यूगोच्या." ह्यूगो म्हणजे कंपनीचा मालक. "समुद्राचं पाणी असेल गं. तरंगत असतो ना तो."

"मलाही आधी तेच वाटलं. समुद्र असता तर मीठ निघालं असतं. मीठ अगदी थोडं आहे. निघालंय कॅल्शियम."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या किटलीत पांढरा थर बसतो ना, तो. इथल्या नळाचं पाणी."

तिने लॅपटॉप मिटला. मला वाटलं आता ती माझी चूक काढणार. काढली असती तर बरं झालं असतं, मी तयारी करून गेले होते. पण ती म्हणाली, "कोणी नळाच्या पाण्याचा बर्फ करून आपल्याला गंडवतंय का?"

हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर 'हो' यावं अशी माझी इच्छा होती. पण इच्छा आणि रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दुसऱ्या दिवशी एक तुकडा चाळणीवर ठेवला. वरचा थर वितळून जे पाणी पडलं ते एका बीकरमध्ये घेतलं. उरलेला गाभा शुद्ध पाण्याने धुऊन दुसऱ्या बीकरमध्ये वितळवला. गाभ्याच्या पाण्यात मीटर झोपलं. सालीच्या पाण्यात खडबडून उठलं. केमिस्ट्रीवाल्यांना त्याच सालीत क्लोरीनच्या खुणाही मिळाल्या.

म्हणजे बर्फ खरा होता. पण त्याला कोणीतरी इथल्या नळाचा कोट घातला होता.

"बर्फ कापतात त्या युनिटला जाऊन बघू," मृणाल म्हणाली. "मी गाडी काढते."

गाडी तिची. ड्रायव्हिंग टेस्ट ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. माझा आकडा विचारू नका. एम वन हायवेवर ती एका हाताने गाडी चालवत होती आणि ह्यूगोबद्दल बोलत होती. तो तिला ग्रीनलंडची बोट दाखवायला नेणार होता.

"तू पण चल ना सुनंदा," ती म्हणाली.

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"तू विचारून काय उपयोग? बोट तुझी आहे का?"

ती हसली. माझ्या टोमण्यांना ती हसायची, आणि खरंच हसायची. हे फार त्रासदायक असतं. समोरचा माणूस वाईट असेल तर हेवा करायला सोपं जातं.

युनिट लंडनमध्ये वेम्बलीच्या पलीकडे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं. दार उघडताच कोळंबीचा वास आला. मालक फर्नांडिस, मूळचे वेंगुर्ल्याचे, साठीतले गृहस्थ. त्यांचा खरा धंदा फ्रोझन मासळीचा. ह्यूगोला उणे तापमानात चालणारी करवत हवी होती, ती यांच्याकडे होती. बर्फासाठी त्यांनी वेगळी खोली केली होती, वेगळे हातमोजे, वेगळी टेबलं. सगळं स्वच्छ. मी नाक खुपसून बघितलं, बोट ठेवायला जागा नव्हती.

मग त्यांच्या माणसाने कापलेले चौकोन जाळीच्या टोपलीत भरले, टोपली एका टाकीत बुडवली आणि लगेच वर काढली. बर्फ काचेसारखा चमकायला लागला. टाकीवर नळ होता.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"ग्लेझिंग," फर्नांडिस म्हणाले.

ग्लेझिंग म्हणजे मासळीवाल्यांची जुनी पद्धत. गोठवलेली कोळंबी गार पाण्यात बुडवून काढली की तिच्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा बसतो. त्याने फ्रीझरमध्ये ती सुकत नाही. मासळीला हे अगदी योग्य आहे.

"पण काका, हा बर्फच आहे ना? बर्फाला बर्फाचं ग्लेझ?"

"मगे? बरफ काय सुकना नाय? फ्रीझरात ठेवलो की पांढरो पडता, खरखरीत होता. ह्यूगो साहेबान सांगल्यान, माल चकचकीत दिसाक व्हयो. दिसता मां?"

"दिसतोय. पण हे पाणी नळाचं आहे."

"नळाचाच असतला. पिण्याचा पाणी आसा, गटाराचा नाय." ते जरा दुखावले. "चाळीस वर्षां धंदो करतंय. ग्लेझ नाय केलेलो माल माझ्या दारातून भायर गेलो नाय."

मृणालने पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. "काका, तुमचं काहीच चुकलं नाही. आम्हीच सांगायला हवं होतं." आणि मग तिने विचारलं की सुरमई कुठून येते. दहा मिनिटांत फर्नांडिस तिला आपल्या आईच्या हातच्या तिरफळाच्या आमटीबद्दल सांगत होते. चूक शोधली मी. आम्ही निघताना त्यांनी बांगड्यांचं पार्सल दिलं मृणालला.

"तुमका देऊचा होता बाय," ते मला म्हणाले, "पण तुम्ही खाणारे वाटत नाय."

मी खात नाही, हे खरं आहे. पण विचारायचं तरी.

परतताना मी रागात होते आणि गाडीत बांगडे होते. मृणालनेच विषय काढला. "ह्यूगोला कसं सांगायचं?"

"जसं आहे तसं. त्याच्या किटलीत जे साचतं तेच तो हजारो वर्षं जुनं म्हणून विकतोय."

"अगं, मस्त आहे हे," ती म्हणाली.

मीटिंगच्या दिवशी ग्रॅहम आधीच घाबरलेला होता. "रिपोर्टचे शब्द जरा मऊ करता येतील का?" त्याने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मृणाल म्हणाली, "नाही. सुनंदाने लिहिलंय तसंच जाईल."

मला तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत. ते वाक्य माझं होतं.

ह्यूगो आला. उंच, तिशीतला, स्वेटरला कोपरावर भोक, आणि ते भोकसुद्धा महाग दिसत होतं. मृणालने प्रोजेक्टर लावला नाही. ती पॅन्ट्रीत गेली, आमची जुनी किटली घेऊन आली आणि झाकण उघडून त्याच्यासमोर ठेवली. आत पांढरा, खरबरीत थर.

"ह्यूगो, तुझी गिऱ्हाइकं व्हिस्कीत हे टाकतायत."

ह्यूगोने किटलीत बोट घातलं, थर खरवडला, बघितला. मग तो इतक्या जोरात हसला की ग्रॅहमच्या खांद्यातला ताण उतरलेला मला दिसला. पुढे महिनाभर ऑफिसात सगळे 'मृणालची किटली' म्हणत होते. किटली माझी होती. म्हणजे किटली कंपनीची होती, पण कल्पना माझी होती, एम वनवर गाडीत दिलेली.

"आता उपाय काय?" ह्यूगोने विचारलं. "कोट नसेल तर माल पांढरा पडतो."

मृणालने माझ्याकडे बघितलं. तिला उपाय माहीत नव्हता. मी दोन क्षण तसंच राहू दिलं. त्या सबंध प्रकरणातले माझे सगळ्यात सुखाचे दोन क्षण.

मग मी म्हटलं, "करवतीखाली भुगा पडतो तो तुम्ही फेकता. तो याच बर्फाचा आहे. तो वितळवा, गाळा, आम्ही तपासून देतो, आणि त्याच पाण्याचं ग्लेझ करा. टाकी नवी घ्या. तोवरचा माल या खोक्यात विकू नका."

"ब्रिलियंट," ह्यूगो म्हणाला, आणि मृणालशी हात मिळवला. ती त्याच्या जवळ बसली होती, एवढंच कारण असेल. मग त्याने माझ्याशीही मिळवला आणि मला नाव विचारलं. दुसऱ्यांदा.

ह्यूगोने बारना कळवून जुना माल परत घेतला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नव्या खोक्यावर छापलं, 'स्वतःच्याच पाण्याचा मुलामा'. आमची चूकदुरुस्ती त्याची जाहिरात झाली. त्या मुलाम्याचं पाणी दर खेपेला तपासायला आमच्याकडे येऊ लागलं. अकाउंट उभं राहिलं.

मी ग्रॅहमच्या बोलावण्याची वाट बघत होते, मृणालचं अभिनंदन करायचा चेहरा आरशात करून बघत होते. ग्रॅहमने बोलावलं.

"मृणाल आपल्याला सोडून चाललीय," तो म्हणाला. "ह्यूगोकडे. भागीदार म्हणून. टेक्निकल मॅनेजरसाठी तू साहजिकच आहेस."

साहजिकच. इतकी वर्षं मी साहजिक नव्हते, आणि मृणालने नोटीस दिल्यावर झाले. मी हो म्हटलं. मानापमानासाठी खुर्ची सोडणाऱ्यांच्या घरी आधीपासून खुर्च्या असतात.

आता मी मॅनेजर आहे. ह्यूगोच्या बर्फाच्या प्रत्येक रिपोर्टखाली माझी सही असते. मृणाल केशरी सूट घालून बोटीवर उभी असल्याचे फोटो पाठवते. मागे निळसर कडा, हातात तिच्या डोक्याएवढा बर्फ. खाली लिहिते, 'तू यायला हवं होतंस.' ती हे मनापासून लिहिते. तिला खवचटपणा जमत नाही. मी अंगठा पाठवते आणि फोन उलटा ठेवते.

मॅनेजर झाल्याचं अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाले, "आन् ती पुण्याची पोरगी? तिला देनार होते म्हणत होतीस."

"तिने नोकरी सोडली, अण्णा."

"काय करते मग?"

"बर्फ विकते."

परभणीच्या उन्हात त्यांना कुठली हातगाडी दिसली असेल, ते मला कळत होतं.

"बिचारी," अण्णा म्हणाले. "येवढी शिकलेली. घरचे काय म्हनत असतील."

मी त्यांना समजावून सांगणार होते. बोट, बार, भागीदारी. पण इंटरनॅशनल कॉल होता, आणि खरं म्हणजे सांगावंसं वाटलं नाही.

नव्या मुलांना मी एकच गोष्ट शिकवते. नमुना घ्याल तेव्हा साल वेगळी तपासा, गाभा वेगळा. आणि आकडा अगदी शून्य आला तर रिपोर्ट लिहू नका, मीटर बंद आहे का ते आधी बघा. चालू मीटर थोडं तरी दाखवतंच.