मेंढरांच्या पोटातलं गायरान

चहा उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐका. साखर जरा जास्त टाका, कारण आठवलं की माझं तोंड अजून कडू होतं. मी शेतकी शिकलेला, त्यातही गवतावर खास अभ्यास केलेला, संस्थेच्या जीपमधून रुबाबात फिरणारा माणूस. पण आमच्या मांडवगण फराट्यात चौकशी केलीत तर हे कोणी सांगणार नाही. सांगतील ते वेगळंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली उजाड गायरानं पुन्हा गवताखाली आणायची, असं आमच्या संस्थेनं मनावर घेतलं होतं. बी बाहेरून आणायचं नाही, इथल्याच मातीतलं हवं. मग ते गोळा करायला एक टोळी उभी केली आणि तिचा म्होरक्या मी. टोळीत सगळ्या बायका, कारण गावातली तरणी पोरं कारेगावकडच्या कंपन्यांत शिफ्टला जायला लागली होती. बायकांमध्ये पारूमावशींचा शब्द शेवटचा. तोंडानं तिखट आणि हातानं चलाख. मी 'चला, कामाला लागू' म्हणायच्या आत त्यांची पाटी निम्मी भरलेली असायची.

जिथं नांगर पोचला नाही तिथंच जुनं गवत उरलं होतं. कुठं बांधावर, कुठं ओढ्याच्या काठाला, कासुर्डीकडं रेल्वेच्या कडेनं. पवन्या, मारवेल, असली गवतं. दिवाळीच्या सुमाराला तुरा मुठीत धरून हलका वर ओढला की पिकलेलं बी हातात येतं आणि कच्चं देठालाच राहतं. उन्हात दिवसभर हेच. हाताला कुसळं, पायाला कुसळं, घरी जेवायला बसलं की ताटातही एखादं कुसळ.

खरं सांगू? मी ते पगारासाठी करत नव्हतो. माझ्या लहानपणी आमच्या गायरानावर कमरेला लागेल असं गवत होतं. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन पुढं जायचे आणि मी मागं. गवतात कळप दिसायचा नाही, नुसती घुंगरं ऐकू यायची. मग हळूहळू माळ उघडा पडला, आबांचे गुडघे धरले, मी शिकायला पुण्याला गेलो. एका सुट्टीत घरी आलो तर मेंढरं विकून झाली होती. आबा त्याविषयी काही बोलले नाहीत आणि माझीही विचारायची छाती झाली नाही. पण तेव्हापासून मला एवढंच हवं होतं की ते गवत परत यावं आणि आबांना त्यात उभं राहिलेलं मी एकदा बघावं. या एका गोष्टीसाठी माझा जीव तुटायचा.

तर मे महिना सरत आला. गायरान मिळालेलं, चर खणून झालेले, फक्त पेरायचं बाकी. पेरण्याआधी बियांना एकदा ऊन दाखवावं म्हणून दौंडच्या गोदामातली सगळी पोती जीपमधून आमच्या खळ्यावर आणली. ताडपत्र्यांवर बी पसरलं. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही ते बी वाटलं नसतं. भुसकट, काड्या, कुसळं, सगळं एकत्र. चिरलेल्या वाळक्या चाऱ्याचा ढीगच जणू.

आता या फजितीचं मूळ सांगतो. दोनच दिवस आधी मी टोळीला एक व्याख्यान दिलं होतं. गायरानाच्या कडेनं बाभळी लावायच्या होत्या. बाभळीच्या बियांचं कवच टणक असतं, नुसती पेरली तर मातीत तशीच पडून राहतात. पण मेंढरांनी शेंगा खाल्ल्या की ते कवच नरम पडतं आणि वाड्यावर, म्हणजे मेंढरं रात्री बसतात तिथं, लेंड्यांतून पडलेलं ते बी लवकर उगवतं. म्हणून वाड्यावरूनच बी वेचायचं, असं मी हातवारे करून समजावलं.

"म्हंजी मेंढराच्या पोटात जाऊन आल्यालं बी चांगलं?" पारूमावशींनी विचारलं.

"उत्तम."

"तुमच्या-आमच्या हातानं झाडल्याल्या परीस?"

"मावशी, मेंढराचं पोट ही आपली प्रयोगशाळा आहे असं समजा."

या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की 'हे फक्त बाभळीचं' एवढं सांगायचं राहून गेलं. बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, काय सुंदर शिकवतो आपण.

त्या दिवशी दुपार कलताना रस्त्यावरून घुंगरं ऐकू आली. बिरूमामांचा कळप कोकणातून परत फिरला होता. बिरूमामा म्हणजे आबांचे जुने सोबती, दोघांनी मिळून उभी हयात मेंढरं वळलेली. घोडीवर संसार, संसारावर कोंबड्या, पाठीमागं कुत्री. मी चप्पल न घालताच पळत गेलो.

"मामा, वाडा आमच्याच रानात बसवा."

आमच्याकडं अशी रीत आहे की मेंढरं रात्री ज्याच्या रानात बसतात त्याला लेंडीखत मिळतं आणि तो धनगराला धान्य देतो. कळप दारी आला की पहिल्या दिवशी यजमानानं मेंढरांपुढं थोडा चारा टाकायचा, हा मानाचा भाग. बाभळीचं बी मिळेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण आबा कासुर्डीला एका लग्नाला गेले होते, यष्टीनं येतच असतील, आणि आल्या आल्या त्यांना दारात कळप दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मामांना रानाकडं वळायला सांगितलं आणि मी ज्वारी आणायला, चहा-साखर आणायला गावात पळालो. जाता जाता एसटीडी बूथवरून ऑफिसला फोनही केला. "बी एकदम सुरक्षित आहे," असं सांगितलं. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. कळप खळ्याजवळ आला आणि आबाही त्याच वेळी यष्टीतून उतरले.

"आबा, ह्यो चारा कुणासाठी पसरलाय वं?" बिरूमामांनी विचारलं.

आबांनी ताडपत्र्या बघितल्या. खळं भरून चारा. उन्हाळ्याच्या शेवटी, जेव्हा माळावर एक काडी दिसत नाही, तेव्हा.

"पोरानं मान ठिवला रं तुझा," आबा म्हणाले. "मला काय बोललाबी न्हाई. सोड मेंढरं."

लिंबाखाली टोळीच्या बायका बसल्या होत्या. एक बाई हाकलायला उठली, तर पारूमावशींनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"बस की गप. सायबांनी सांगितलं न्हाई का परवा? परयोगशाळा हाय ती."

आणि एवढ्यावर भागलं असतं तर बरं. ताडपत्र्या रिकाम्या होत आल्यावर मावशींच्या लक्षात आलं की काही पोती अजून बांधलेलीच आहेत. मग काय, अख्खी टोळी उठली. साहेब येईपर्यंत काम उरकून टाकू, त्यांनाही बरं वाटेल. तीच पोती दिवाळीपासून मी जपली होती, गोदामात उंदीर शिरतो म्हणून मांजर आणून ठेवलं होतं.

मी सायकलवर ज्वारीचं पोतं लादून आलो तेव्हा मावशी शेवटचं पोतं झटकत होत्या.

"मावशी, बी कुठाय?"

"आत," त्यांनी समोरच्या मेंढीकडं बोट केलं.

माझ्या हातातून सायकल सुटली. तरी मी शिकलेला माणूस ना, लगेच उपाय शोधला. मेंढरांच्या लोकरीत बरंचसं बी कुसळांसकट अडकलेलं दिसत होतं. मी एका मेंढीला धरून मांडी घातली आणि तिच्या अंगावरचं बी वेचायला लागलो. बायकाही बसल्या. बघता बघता खळ्यावर जो तो एकेक मेंढी धरून बसलेला.

"आवं, उवा न्हाईत त्यांच्यात," बिरूमामा कळवळून म्हणाले. "परवाच धुतल्यात."

मी तोंड उघडणार होतो. कोणाकोणावर ओरडायचं याचा क्रमही मनात लागला होता. तेवढ्यात आबा आले. काखेत एक कोकरू, लग्नाचा फेटा तसाच डोक्यावर. कित्येक वर्षांत मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता.

"मला वाटलं, तू इसरला आसशील ह्ये समदं," ते म्हणाले. "पुण्याला गेला, शिकला. म्हनलं, आता कुठलं ध्यानात ऱ्हातंय." मग कोकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लई केलंस बाबा."

माझ्या जागी तुम्ही काय बोलला असता?

"तुमच्यासाठीच, आबा," मी म्हणालो आणि मेंढीच्या पाठीवरचं आणखी एक कुसळ उपटलं.

कळप आमच्या रानात मुक्काम करून राहिला. आबा गुडघेदुखी विसरून वाड्याशेजारीच घोंगडी टाकून झोपायचे. मी ऑफिसला कळवलं की बियाण्यावर एक प्रक्रिया चालू आहे. खोटं कुठं होतं त्यात? मग एके सकाळी कळप पुढं गेला. आबा वेशीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि परत येऊन त्यांनी रानातली घोंगडी गुंडाळली.

पाऊसपाणी झालं. गायरानावर पेरायला मूठभर बी नव्हतं, त्यामुळे तिथं दगड धुऊन निघाले, बाकी काही नाही. आणि आमचं रान? तिथं आम्ही बाजरी पेरली होती. बाजरीच्या आधी पवन्या वर आला, पवन्याच्या पाठोपाठ मारवेल. इतकी दाट उगवण मी कुठल्याच रोपवाटिकेत बघितली नव्हती. तीच टोळी आता खुरपणीला आली.

"सायेब," पारूमावशी बांधावरून म्हणाल्या, "ह्यात बाजरी कुठली आन् तुमचं शास्त्र कुठलं, तेवढं दावा. म्हंजी आमच्या हातनं चूक व्हायला नगं."

पण आबांनी खुरपं लावूच दिलं नाही. त्या वर्षी आम्ही बाजरी विकत आणून खाल्ली.

दसऱ्याच्या सुमाराला गवत तुऱ्यावर आलं. एका संध्याकाळी मी रानात गेलो तर आबा मधोमध उभे. गवत त्यांच्या कमरेला लागत होतं आणि वाऱ्यानं एका अंगाला झुकत होतं. मी बांधावरच थांबलो. किती वर्षं मी हेच मागत होतो. मग आबांनी मेंढरं वळवायचा आवाज काढला, जीभ टाळूला लावून काढतात तो. वळायला कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा काढला. गवत आलं होतं, आबाही त्यात उभे होते, तरीही माझ्या जिवाची तगमग थांबेना.

मला बघून ते जरा ओशाळले.

"बी धरलंय चांगलं," ते म्हणाले. "झाडून घेशील न्हवं?"

"हो आबा. यंदा गायरानावर नक्की पेरायचं."

"वाळत कवा घालशील?"

"मे महिन्यात. का?"

"न्हाई, सहज." त्यांनी एक तुरा मुठीत धरून वर ओढला आणि हातातल्या बियांकडं बघत राहिले. "बिरू तवाच माघारी फिरतोय."

बी झाडलं, पोती शिवली, गोदामाला कुलूप लावलं. टोळीला व्याख्यान वगैरे काही दिलं नाही. उन्हाळ्यात पुन्हा खळ्यावर ताडपत्र्या अंथरल्या, आणि पारूमावशी या खेपेला हातात काठी घेऊनच राखणीला बसल्या.

दुपार कलताना रस्त्यावर घुंगरं वाजली. मावशी काठी उगारून ताडकन उठल्या.

"सायेब, आली बगा मेंढरं. हाकलू का?"

"बसा मावशी," मी म्हणालो. "सांगावा मीच धाडलाय."