तापलेली हलगी

आज सरावाआधी पोरींनी जाळावर हलगी शेकली. तापल्या कातड्याच्या वासानं माझी मनगटं दुखू लागली.

काही वर्षांमागं आमचं बायांचं नाचगाण्याचं मंडळ नवीनच होतं. हलगी वाजली की सगळ्यांनी लेझीम घेऊन माझ्या अंगणात यायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी मी हलगी शेकत होते, तोच मोठे दीर काठी घेऊन आले.

"काहून नाचून राहिली गं? अब्रू काढती का घराची?"

डोकं वाचवायला मी हलगी आडवी धरली. ते मारत गेले, हलगी कडाडत गेली. मनगटं फुटून रक्त आलं.

सराव सुरू झाला समजून बाया पळत आल्या. शेजारच्या गंगाबाईनं लेझीम उगारली. "थांबले काहून दादा? मारा की आता!"

दीरांनी काठी टाकली.

तेव्हा लाजेनं मी वर बघितलं न्हाई. एरवी मी लाजत, हळूच वाजवायचे, चारच बाया यायच्या. त्या दिवशी सगळ्या आल्या.