गुळाचा पाक आणि पांढरी कातडी

आशाताई नसत्या, तर माझा उजवा हात राहिला नसता. सातवीत शाळा सोडलेला मी, नंदुरबारहून भवानीनगरजवळच्या गुऱ्हाळावर कामाला आलो होतो. एका सकाळी काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, उकळता पाक मनगटावर उडाला. रसात टाकायचा चुना भाजल्या जागी लावायला घेऊन गूळ काढणारा गुळव्या धावला. "दुखतंय का रं?" "नाही." "मग किरकोळ हाय." वस्तीवर लसीकरणाचं सांगायला आलेल्या आशाताईंनी त्याचा चुन्याचा हात झटकला आणि माझा हात नळाखाली धरला. पांढऱ्या पडलेल्या कातडीला हळूच बोट लावून त्यांनी विचारलं, "हितं कळतंय?" मला काहीच कळत नव्हतं. "दुखत न्हाय म्हंजी खोल भाजलंय, येड्या! गाडी काढा, बारामतीला न्यायचंय." तेव्हा कुठं गुळव्या गाडीकडं धावला. बारामतीच्या दवाखान्यात हात वाचला; ताई, याच हातानं मी काढलेल्या गुळाची पहिली ढेप तुमच्या दारात आणून ठेवीन.