रडका तीळ

माझ्या आईला मी कधी हसताना पाहिलं नाही, कारण हसलं की तोंडाच्या कडेला सुरकुत्या पडतात. रडतानाही पाहिलं नाही, कारण खारं पाणी कातडी खातं, असं ती म्हणायची. लोकांच्या आया पोरांवर डाफरतात, खिदळतात, शेजारणीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतात. माझ्या आईचा चेहरा म्हणजे कपाटातली काचेची बरणी, हात लावायची सोय नाही. आणि तो चेहरा तिचा नव्हताच मुळी. तो माझ्या बापाची ठेव होता.

लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात, उत्तरेतल्या हुंगनामच्या धक्क्यावर बापानं तिला दक्षिणेकडे निघालेल्या जहाजात चढवलं. ती एकोणीस वर्षांची, मी पोटात. त्याची म्हातारी आई घरीच राहिली होती. "तिला घेऊन दोन-चार दिवसांत येतोच," तो म्हणाला. माणसं एकमेकांना तुडवत होती. आई म्हणाली, "अहो, पण एवढ्या गर्दीत मला शोधाल कसं?" तिच्या डाव्या डोळ्याखाली एक काळाभोर तीळ होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा आहे ना? लाखात ओळखीन. तू चेहरा तेवढा सांभाळ."

बोलायचं म्हणून बोलला असेल बिचारा. हिनं ते देवाचं वाक्य मानलं. मग उत्तर आणि दक्षिण यांच्यामधली सरहद्द बंद झाली, ती आजपर्यंत.

आमच्याकडे डोळ्याखालच्या तिळाला रडका तीळ म्हणतात. अशा बाईच्या नशिबी नवरा नाही, नुसती आसवं. माझ्या आजीनं, बापाच्या आईनं, म्हणे लग्नातच नाक मुरडलं होतं. पुढं जे झालं त्यात तिचं खरं ठरलं म्हणायचं, पण आईसमोर कुणी तसं म्हणायची छाती नव्हती.

आम्ही दक्षिणेत सोकचोला राहिलो, समुद्राकाठच्या वाळूत, उत्तरेकडच्या लोकांच्या वस्तीत. वाट उघडली की सगळ्यांच्या आधी घरी पोचता यावं म्हणून लोकांनी पक्की घरंसुद्धा बांधली नाहीत. आई बंदरावर माकुल मासळी साफ करायची. उन्हात बसून करायचं काम ते, पण ही डोक्यावर सुपाएवढी टोपी आणि तोंडाला फडकं गुंडाळून बसायची, डोळे तेवढे उघडे. आमची शेजारीण, दाल-सुची आई, रोज टोमणा मारायची, "ग्योंग-ओकच्या आई, मासे साफ करायला आलीस की दरोडा घालायला? जावई शोधायच्या वयात स्वतःलाच नवरी करायला निघालीस होय?" ग्योंग-ओक म्हणजे मी.

आई उत्तर द्यायची नाही. उत्तर दिलं की कपाळाला आठी पडते.

तांदळाचं पहिलं पाणी ती फेकायची, दुसरं निवळत ठेवायची आणि त्यानं तोंड धुवायची. नंतर थंड पाणी, पौष-माघाची थंडी असली तरी. काकडीची सालं गालांवर. टाळूवर तेल घालताना थेंब उरला तर तो बोटानं टिपून डोळ्यांच्या कडांना. झोपायची उताणी, कूस न बदलता. लहानपणी मी झोपेत तिच्या गालाला गाल लावला की ती मला हलकेच बाजूला सारायची. "घडी पडते गं." मला त्या बापाचा असा संताप यायचा. न पाहिलेला माणूस, आणि माझ्या वाटणीचा गाल त्यानं अडवून ठेवलेला. हात मात्र तिनं कधी जपले नाहीत. मिठाच्या पाण्यानं फुटून त्यांची लक्तरं झाली होती. हातांबद्दल तो काही बोललाच नव्हता.

तिला मागण्या आल्या नाहीत असं नाही. चाळिशीत ती तिशीची दिसायची. ज्यानं विचारलं त्याला तिनं दारातूनच वाटेला लावलं.

आणि ती पंचाहत्तर वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी फोन आला. सरहद्दीच्या दोन्हीकडच्या ताटातूट झालेल्या माणसांची सरकार भेट घडवतं, त्यात आमचं नाव निघालं होतं. बाप जिवंत होता. तिकडं त्याची दुसरी बायको होती, मुलं होती. फोनवरच्या माणसानं ते फार जपून सांगितलं. मी आईला ते सरळच सांगितलं, मुद्दाम, जरा लागावं म्हणून. तिनं फक्त विचारलं, "भेट कधी आहे?"

मग ती आरशासमोर बसली. एवढं जपूनही गालांवर वयाचे डाग आलेच होते.

"हे बघून ते म्हणतील, ही कोण म्हातारी?"

"आई, ते काय तरणेताठे राहिलेत का?"

"त्यांचं त्यांच्यापाशी. मला सांगून गेले होते ते."

डाग जाळून घेणं आमच्याकडे केस कुरळे करून घेण्याइतकं साधं झालंय, मुलं आईबापांना वाढदिवसाला ते करून देतात. मी तिला गावातल्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं आणि तिची पिशवी घेऊन बाहेर बसले. ती बाहेर आली तेव्हा चेहराभर छोट्या चिकटपट्ट्या होत्या. मागून डॉक्टर आला, खूश.

"आजी, सगळं साफ केलं बघा. आणि डोळ्याखालचा तो रडका तीळही काढून टाकला. त्याचे पैसे नकोत, ती माझ्याकडून भेट. आता तुमचे रडायचे दिवस संपले."

आमच्याकडे भाजीवाली मूठभर पात वर टाकते, तसंच त्यानं केलं. मनानं चांगलाच होता तो. आईचं बोट डाव्या डोळ्याखालच्या पट्टीवर गेलं आणि तिथंच राहिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "परत बसवता येईल का?"

डॉक्टर हसला. त्याला वाटलं, आजी थट्टा करतेय.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगत नाही. ती जेवेना. पट्ट्या निघाल्या तेव्हा खाली गुलाबी, नवीकोरी कातडी होती, तिच्यावर भुवयांची पेन्सिल टिकेना. तीळ रेखायची, तो पुसला जायचा, पुन्हा रेखायची. शेवटी माझं डोकं फिरलं. "एका तिळावाचून काय अडलंय? नाव आहे, गाव आहे, मी जिवंत पुरावा इथं उभी आहे."

"नाव कुणीही सांगेल," आई म्हणाली. "ते तीळ बघतील."

भेटीच्या दोन्ही दिवशी सकाळी तीळ मीच पेन्सिलनं रेखला, डाव्या डोळ्याखाली, जिथं होता तिथंच. बाप आला. काळा पडलेला, वाळून एवढासा झालेला, तोंडात दात नाहीत. आईपुढं तो तिचा बाप शोभला असता. त्यानं तिच्याकडं बघितलं, खाली मान घातली आणि म्हणाला, "प्रकृती बरी आहे ना आपली?"

दोन दिवस हेच. प्रवास कसा झाला, हवा कशी आहे. मला त्यानं जवळ घेतलं, माझ्या हाताला धरून रडला. आईशी मात्र पाहुण्यासारखा बोलत राहिला. आई सारखी डावा गाल त्याच्याकडे करून बसायची. मान अवघडली तरी हलायची नाही. हात धुवायला गेलो तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला.

"त्यांनी मला ओळखलं नाही गं. परकी बाई समजतायत. मी आता काय करू?"

पाठीवर हात फिरवायची सवय आम्हा दोघींना नव्हती.

निघायची वेळ झाली. उत्तरेकडच्यांची बस सुरू झाली होती, खिडकी हातभर उघडी. त्यानं आतून हात काढला आणि आईच्या उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

"इथला तीळ कुठं गेला गं?" तो म्हणाला. "दोन दिवस शोधतोय. मला खात्रीच पटेना, ही तूच की दुसरीच कुणी आणून बसवलीय."

मी रेखलेला तीळ डाव्या डोळ्याखाली ढळढळीत दिसत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझ्या पायावर पाय दिला.

"तिथंच आहे हो," ती म्हणाली. "म्हातारपणी फिका पडलाय. तुम्हालाच दिसत नाही."

"असं होय," तो म्हणाला. "तरी म्हटलं." त्याचं बोट तसंच उजव्या गालावर होतं. तो खुळ्यासारखा हसला आणि बस हलेपर्यंत तिला नावानं हाका मारत राहिला, योन-सिल, योन-सिल.

आई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या होत्या हे मला तेव्हा कळलं.

एकदा भेटलेल्यांना पुन्हा बोलावत नाहीत. हे तिला मी सांगितलंय, कचेरीतल्या माणसानंही सांगितलंय. तरी रोज सकाळी ती तांदळाच्या पाण्यानं तोंड धुते आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसते. सवयीनं माझा हात डाव्या डोळ्याकडे जातो. ती माझं मनगट धरते आणि उजवीकडे नेते.