फळ्यावरची राहिलेली ओळ

आमच्या गावात देशाची बातमी बाबांच्या हातून यायची. गाव नेरपासून अर्ध्या तासावर. ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेने टाकून दिलेला फळा मागून आणला, विहाराच्या भिंतीला छपराखाली टांगला आणि रोज सकाळी रेडिओ ऐकून तीन ओळी लिहू लागले. पहिली राजकारणाची, दुसरी कलेची किंवा पुस्तकांची, तिसरी खेळाची. दुसऱ्या ओळीसाठी त्यांची फार ओढाताण व्हायची, कारण रेडिओलाच त्यात फारसा रस नसे. पण ओळी तीनच आणि क्रमही तोच. एकतीस डिसेंबरला ते अख्खं वर्ष तीन ओळींत बसवत.

आणखी एक नियम होता. गावात कोणी वारलं की देश पुसायचा. त्या दिवशी फळ्यावर फक्त गेलेल्या माणसाचं नाव. दुसऱ्या सकाळी बाबा स्वतः ते पुसत आणि पुन्हा बातम्या लिहीत.

आई वाचायला शिकली ती याच फळ्यावर. बाबा घरात बातमी म्हणून सांगत नसत. तिने काही विचारलं की एकच उत्तर, "फळ्यावर वाच." ती चिडायची, पदर खोचून तरातरा जायची, अक्षराला अक्षर लावून वाचायची आणि परत येऊन बाबांचीच वेलांटी चुकल्याचं सांगायची. खेळाची ओळ आधी. क्रिकेटचं तिला वेड होतं, आणि आपला गोलंदाज मार खायला लागला की ती शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोरून उठून घरी यायची.

त्या वर्षी हिवाळ्यातच तिने अंथरूण धरलं. उन्हाळ्यात लोकसभेच्या मतदानाला आम्ही तिला खुर्चीत बसवून नेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आठवडाभर शाईचं बोट दाखवत होती. फळ्यापर्यंत जाणं संपलं होतं, तरी "फळ्यावर वाच" ही बाबांची थट्टा सुटली नव्हती आणि तिला ती हवी असायची.

जून संपता संपता क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आई रात्री औषधाच्या गुंगीत झोपून गेली होती. सकाळी डोळे उघडताच तिने विचारलं, "जितलो का जी?"

बाबांनी नुकताच रेडिओ बंद केला होता. खडूची डबी हातात घेऊन ते हसले. "लिवून येतो, मंग सांगतो."

त्या दिवशी त्यांनी रंगीत खडू वापरले, मोठ्या अक्षरात लिहिलं. म्हणून वेळ लागला. मी चुलीपाशी चहा करत होते. चहा घेऊन आत गेले तेव्हा आई गेलेली होती.

बाबांना बोलवायला मीच धावले. फडकं शेजारी असूनही त्यांनी तळहातानेच फळा पुसला आणि मधोमध आईचं नाव लिहिलं. प्रेताजवळ ते दिवसभर लाल-हिरव्या हाताने बसून होते.

चार दिवसांनी त्यांनी मला तिचं विचारणं आणि आपलं न सांगणं, सगळं सांगितलं, जणू मी घरात नव्हतेच. मी म्हटलं, "एक शब्दच तर होता, बाबा." मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि तो त्यांना लागावा असंच मला वाटत होतं. तो लागला.

नियमाप्रमाणे दुसऱ्या सकाळी पुसायचं ते आईचं नाव त्यांनी पुसलंच नाही. पावसाळा गेला. मराठीला अभिजात दर्जा मिळाला; दुसऱ्या ओळीसाठी जन्मभर धडपडलेल्या माणसाने ती बातमी ऐकली आणि रेडिओ बंद केला. विधानसभेचा प्रचार आला. गाडीतून उतरलेले कार्यकर्ते म्हणाले, "काका, फळा रिकामाच हाय, पोस्टर लावू द्या."

"रिकामा नाई," बाबा म्हणाले. "वाचून पाहा."

अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. कार्यकर्ते निघून गेले.

सरपंचबाई मला एसटीच्या थांब्यावर गाठून म्हणाल्या, "बाई, बाबाले समजाव ना. बातमी मोबाइलवर येते, पन फळ्यावर आली म्हंजे खरी वाटते." मी मान हलवून नेरच्या शाळेत शिकवायला जायची गाडी पकडली. समजावायला मला तोंड नव्हतं.

एकतीस डिसेंबरला सकाळी बाबांनी खडूची डबी शोधली. मी त्यांच्यामागे गेले. त्यांनी ओल्या फडक्याने आईचं नाव हळूहळू पुसलं. पहिल्या ओळीत दोन्ही निवडणुका. दुसऱ्या ओळीत आपली भाषा. तिसरीत बुद्धिबळाचा तरुण जगज्जेता, स्वल्पविराम, आणि हात थांबला. विहाराजवळ चार-पाच माणसं उभी राहिली होती. काय राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी सुचवलं नाही.

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

"बाबा, मलेही माहीत होतं," मी म्हटलं. "पहाटेच मोबाइलवर पाह्यलं होतं. तुम्ही इकडे आल्यावर तिनं मलेही विचारलं. मी म्हटलं, बाबा येऊन सांगतीलच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता "एक शब्दच तर होता" हे माझंच वाक्य मला परत ऐकवतील. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

"लिव."

मी लिहिलं. माझी वेलांटी चुकली, ती त्यांनी बोटाने पुसून नीट केली. मग चार पावलं मागे सरून, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. अख्खा फळा मोठ्याने वाचला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. "जिंकलो" या शब्दापर्यंत आले, थांबले, आणि तेवढंच पुन्हा एकदा वाचलं.