बारावं नाव

वडशाच्या बाजारात अब्बांचा लहानसा छापखाना होता. घरी आम्ही हिंदी बोलायचो, पण प्रेसच्या दारातून आत शिरलं की अब्बा माझ्याशीसुद्धा मराठीच बोलत. मी वाचायला शिकले ती वाया गेलेल्या प्रुफांवर. माझ्या शाळेच्या वह्याही पाठकोऱ्या पत्रकांच्या असत. एका बाजूला भूगोलाचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला ‘भव्य जाहीर सभा’. त्यामुळे असेल कदाचित, पण मला फार दिवस वाटायचं की कुठलीही गोष्ट आधी छापली जाते आणि मगच घडते.

अब्बा सगळ्यांचं छापत. मूल गाव आणि चंद्रपूर यांच्या मधल्या जंगलात कोळशाची खुली खाण येणार, अशी बातमी पहिल्यांदा आली तेव्हा आमच्याकडचा एक पुढारी विरोधी पक्षात होता. त्यानं ‘जंगल वाचवा’ म्हणून लालभडक पत्रक काढलं. मग निवडणूक झाली, तो सत्तेत गेला आणि त्याचाच माणूस ‘विकासाला साथ द्या’ असा मजकूर घेऊन आला. पंधरा दिवसांनी हरलेल्या पक्षाचा कार्यकर्ता दारात उभा. त्याला ‘जंगल वाचवा’च पाहिजे होतं. अब्बांनी शिशाच्या खिळ्यांत जुळवलेला जुना मजकूर सुतळीनं बांधून तसाच ठेवला होता. खालचं नाव तेवढं बदललं आणि मशीन सुरू केलं.

मी चिडले. म्हटलं, “तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटते ना बेटा. पण मशीन कोणाच्याच पार्टीत नाई.”

मी तेव्हा ब्रह्मपुरीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मशीन कोणाच्या तरी पार्टीत असलंच पाहिजे, अशी माझी खात्री होती. कॉलेजात आम्हा दहाबारा जणांची एक समिती होती. तिचा म्होरक्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. कोळसा कोणाचा, वीज कोणासाठी, धूर कोणाच्या वाट्याला, हे तो एका दमात सांगायचा आणि मी ते लिहून काढायचे. मला तेव्हा सगळं स्पष्ट दिसत होतं.

ते धूसर व्हायला सुरुवात झाली ती गावात गेल्यावर. बसनं मूल, तिथून वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. तीसपस्तीस घरांचं गोंडांचं गाव, भोवती साग आणि बांबू. गावाच्या धुऱ्यावरून, शेतांच्या बांधांवरून, मोठमोठ्या टॉवरवरची विजेची लाईन मुंबईच्या दिशेनं गेलेली. गावात मात्र नुसते खांब होते, त्यांच्यावर तारा नव्हत्या. एका खांबाला कोणी तरी बकरी बांधली होती.

पहिल्या बैठकीत सगळ्यांत चांगलं बोलला तो एक चाळिशीचा उंच माणूस. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. भाऊंना अक्षरओळख नव्हती. ते उभे राहिले आणि म्हणाले, “हे लोक म्हणतेत, जमिनीच्या खाली कोळसा हाय. खाली काय हाय ते तुमाले मालूम, कबूल. पण वर काय हाय ते आमाले मालूम हाय. मंग आमाले इचारा ना.”

मी ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. दादानं माझ्याकडे बघून मान हलवली. असं वाक्य आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं.

बैठक उठताना भाऊंच्या बायकोनं मला थांबवलं. तिला बोलताना मधूनमधून खोकल्याची उबळ यायची.

“बाई, एक इचारू का? खदान झाली नाई, त गावात लाईन येईल का?”

मी खरं तेच सांगितलं. “खाण झाली तरी येईल असं नाही, वहिनी. वीज सगळी बाहेर जाते.”

“म्हंजे झाली तरी अंधार, नाई झाली तरी अंधार?”

“तसं नाही...”

“मंग तुमी कायले आल्या जी इतक्या दुरून?”

बायका हसल्या. मीही हसले. परतीच्या जीपमध्ये मी तेच दादाला विचारलं तर तो म्हणाला, हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यातला आहे.

त्याआधी भाऊ आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला आले होते. वाटेत सहज म्हणाले, “जरा पाय उचला. मले सकाळी लवकर जा लागते. बोरवर ड्यूटी हाय.”

मी जागच्या जागी थांबले. “कसल्या बोरवर?”

“खदानीच्याच. कोळसा कुठवर हाय ते पाहाले बोर मारून राह्यले ना.”

नीट विचारल्यावर कळलं ते असं. गावापासून कोसभर अंतरावर कोळशाच्या शोधाचा कॅम्प पडला होता. मशीन जमिनीत खोल भोक पाडायचं आणि आतून दगडाच्या लांब कांड्या वर यायच्या. त्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं लाकडी पेट्यांत ठेवायच्या, हे भाऊंचं काम. “वरखाली झालं त साहेबाले समजतच नाई कोळसा कुठून सुरू झाला ते,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सरळसरळ अभिमान होता.

“पण तुम्ही तर खाणीच्या विरोधात आहात!”

“हाव ना. खदान नकोच. पण ते बोर मारूनच राह्यले. पेट्या कोणी तरी भरतेच, त मी काऊन नाई?”

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. दर वर्षी थंडीत गावातली अर्धी घरं आंध्रात मिरची तोडायला जातात. मुकादमाचा ट्रक येतो, लेकराबाळांसह माणसं भरतो आणि होळीच्या आसपास आणून सोडतो. तिथे उभा दिवस मिरचीत काढावा लागतो. वहिनीचा खोकला तिथलाच. गेल्या वर्षी परत येताना तिच्या थुंकीत रक्त दिसलं होतं. बोरच्या कामामुळे या वर्षी पहिल्यांदाच त्यांना जायची गरज नव्हती.

हे सगळं कुठल्या वाक्यात बसवायचं, ते मला कळलं नाही. म्हणून मी ते कुठेच लिहिलं नाही.

त्यानंतर आम्ही आमचं पत्रक काढलं. मजकूर माझा, छपाई अब्बांची. नाटकांचा हंगाम होता. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, थंडीभर गावोगाव नाटकं होतात आणि त्यांची पत्रकं आमच्या प्रेसमधून ढिगानं निघतात. या पत्रकांची एक रीत असते. खाली ‘विनीत’ म्हणून गावातल्या माणसांची नावं येतात, दोन रांगांत, समोरासमोर. नावं विषम झाली तर एका बाजूला भोक दिसतं. मग गावात फोन करून विचारत बसायला वेळ नसतो. मजकूर घेऊन आलेला माणूसच एखादं नाव सुचवतो आणि अब्बा ते बसवतात. आजवर कोणी तक्रार केली नव्हती. उलट, ज्याचं नाव असं आलं तो पत्रक घडी करून खिशात ठेवायचा.

आमच्या पत्रकाखाली अकरा नावं होती. सगळ्यांना विचारून घेतलेली.

अब्बा गॅलीवर, खिळे जुळवायच्या तबकावर, वाकून म्हणाले, “उजव्या हाताले भोक पडून राह्यलं. अजून एक नाव दे.”

मी भाऊंचं नाव दिलं.

तेव्हा मला त्यांची ड्यूटी आठवली होती की नव्हती? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. कधी वाटतं, घाईत विसरले असेन. कधी वाटतं, आठवलं होतं आणि तरी मी ते दिलं, कारण त्या यादीत तेच नाव सगळ्यांत खरं वाटत होतं. सर्वांत चांगलं बोललेला माणूस यादीत नाही, हेच मला खोटं वाटलं असतं. अब्बांनी खिळे जुळवले. दोन्ही रांगा सरळ दिसू लागल्या.

मूलच्या आठवडी बाजारात आम्ही पत्रकं वाटली. पुढच्या बैठकीसाठी दादा आणि मी गावात पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती आणि भाऊ घरासमोर बसलेले होते. कामाच्या दिवशी. वहिनी ओसरीवर एका मोठ्या चादरीत भांडी, कपडे, घोंगडी बांधत होती. मुकादमाचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

“या बाई,” भाऊ म्हणाले. “तुमी त आमाले मोठ्ठा माणूस केलं.”

कॅम्पवरच्या साहेबानं त्यांना पत्रक वाचून दाखवलं होतं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “माह्यं नाव कोणतं त्याच्यात? दाखवा त.”

मी पिशवीतलं पत्रक काढून बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. “येवढं लांब हाय का?”

“नाव पाहून पोट भरते का?” वहिनी गाठ आवळता आवळता म्हणाली, आणि खोकत खाली बसली.

मी म्हटलं, मी कॅम्पवर येते. चूक माझी आहे, तसं सांगते. दादानं मला बाजूला नेलं, पण आवाज काही त्याला खाली ठेवता आला नाही.

“तू लेखी काहीही देऊ नकोस. खाणवाले तो कागद खाणीच्या जनसुनावणीत वाचून दाखवतील. गावातला पहिला माणूस फुटला म्हणून सांगतील.”

भाऊंनी ते ऐकलं. “मी कुठी फुटलो जी? इथीच त बसलो हावो.”

“भाऊ, प्रश्न एका माणसाचा नाही,” दादा म्हणाला.

“हाव, ते बरोबर हाय. पण ट्रकमध्ये एकेकच माणूस चढते.”

दादाच्या बोलण्यात मला चूक सापडत नव्हती. भाऊंच्या बोलण्यातही नव्हती. मी भाऊंबरोबर निघाले. दादा आला नाही.

कॅम्पवर मशीन धडधडत होतं. साहेब नागपूरचा, तिशीतला, उन्हानं सोललेल्या नाकाचा. कोळशाच्या कॅम्पवरचा माणूस कसा असेल, हे मी पत्रकांत अनेकदा लिहिलं होतं. हा तसा नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

“मॅडम, माझं काही वैर नाही याच्याशी. माझ्याकडचा सगळ्यांत चांगला माणूस हा. दोन दिवसांत त्या नव्या पोरांनी सहा पेट्या उलट्यासुलट्या भरल्या. पण वरून विचारणा झाली, तुमचाच मजूर विरोधकांच्या यादीत कसा? मी काय सांगू?”

“सांगा, की नाव न विचारता छापलं गेलं. मी लिहून देते.”

“तेवढ्यानं नाही भागणार. याचा खाणीला विरोध नाही, तेही लिहा. दोन ओळी. लगेच कामावर घेतो.”

पहिली ओळ मी लिहिली. सदर व्यक्तीचे नाव त्यांना न विचारता आमच्याकडून छापण्यात आले. इथवर खरं होतं. मग पेन थांबलं.

“लिवा ना बाई,” भाऊ म्हणाले.

“पण भाऊ, तुमचा विरोध आहे.”

“हाय ना.”

“मग मी नाही कसं लिहू? ते खोटं आहे.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, खरंच न कळल्यासारखं होतं. “तुमी माह्यं नाव टाकलं तवा मले इचारलं नोतं. आता मी सोता सांगून राह्यलो, त लिवत नाई. हे कसं हो बाई?”

साहेब मशीनकडे बघत राहिला. मी दुसरी ओळ लिहिली. सदर व्यक्तीचा प्रस्तावित खाणीस विरोध नाही. खाली माझी सही, शेजारी भाऊंचा अंगठा. साहेबानं कागद फायलीत ठेवला आणि म्हणाला, “जा, आधी त्या सहा पेट्या नीट लाव.”

भाऊ उठले. चार पावलं जाऊन वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “बाई, आजची मीटिंग किती वाजता हाय?”

मी साहेबाकडे पाहिलं. तो फायलीची नाडी बांधण्यात गुंतला होता, निदान तसं दाखवत होता.

“चारला,” मी म्हटलं.

“थोडी लेट घ्या ना जी. माही सुट्टी पाचले होते.”

गावात परत आले तेव्हा दादा निघून गेला होता. दुपारच्या जीपनं गेला, असं कोणी तरी सांगितलं. बैठक घ्यायची तर आता मलाच घ्यायची होती, आणि ज्या हातानं मी ती ओळ लिहिली तोच हात वर करून खाणीला विरोध करा म्हणून सांगायचं होतं. कॅम्पवरच्या कागदाबद्दल लोकांना सांगायचं की नाही? सांगितलं तर तो कागद नावापुरता आहे हे वरच्या साहेबांपर्यंत पोचून भाऊंचं काम जाईल, आणि लपवलं तर मी कोण ठरते? मी भाऊंच्या ओसरीवर बसून राहिले.

वहिनी बाहेर आली. “हे नाई आले तुमच्यासंग?”

“कामावर थांबले.”

“मंग लिवलं तुमी?”

“लिहिलं.”

“खरं लिवलं का खोटं?”

मी म्हटलं, “एक ओळ खरी. दुसरीचं मला कळत नाही, वहिनी.”

ती गाठोड्याशी बसली. गाठ घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवून तिनं आतून भात शिजवायचा गंज आणि एक पळी तेवढी काढली. चादरीची टोकं पुन्हा वर घेतली, पहिल्यासारखी गाठ मारली आणि ते गाठोडं दाराजवळच राहू देऊन ती चूल पेटवायला आत गेली.