एक मॅग्नेटो, दोन मालक

फुलचूरला टेकचंद राहांगडाले राहतो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. त्याची मोटारसायकल वर्षातले सहा महिने चालते. उरलेले सहा महिने ती टिनाच्या शेडखाली स्टँडवर उभी असते आणि संध्याकाळी टेकचंद तिच्यावर बसलेला असतो. समोरच्या घरात नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटतं, काका कुठेतरी निघालेत. दिवेलागण झाली तरी काका तिथेच दिसले की ते घरमालकाला हळूच विचारतात, "अंकल ठीक तो हैं ना?"

अंकल ठीक असतात. गाडीत मॅग्नेटो नसतो, एवढंच.

गाडी बीएसए आहे. विलायती, मोठ्या लढाईच्या काळातली, एका सिलिंडरची. चालते तेव्हा जुन्या राईस मिलसारखी धडधडते आणि उभी असते तेव्हा खाली तेल गाळते. तेल गळायचं थांबलं तर टेकचंदच्या छातीत धस्स होतं, कारण त्याचा अर्थ आत तेलच उरलेलं नाही. कोणा साहेबाने ती पार्सलने गोंदियाला पाठवली आणि सोडवायला कधी आलाच नाही. ती गोदामात पडून राहिली, शेवटी लिलाव झाला आणि जो बाबू येता-जाता तिच्यावरची धूळ पुसायचा, त्यानेच ती घेतली. त्याची बायको रुख्मा तेव्हा म्हणाली होती, "अजी, कोनी नेत नाही ते सारं घरी आनाचा ठेका घेतला का तुमी?"

आता मॅग्नेटोचं सांगतो. या गाडीत ठिणगी पाडणारा तो डबा. आकार नारळाएवढा, वजन विटेपेक्षा जास्त. तो असला की गाडीत जीव आहे, नसला की भंगार आहे. टेकचंदचा मॅग्नेटो एकदा बंद पडला म्हणून त्याने गाडी बाजारातल्या कैलाश मिस्त्रीकडे नेली, तर तिथे दुसरी बीएसए आधीच आडवी पडलेली. ती बिसराम कुमरेची. बिसराम वनरक्षक होता, लोकांच्या तोंडी 'गारड', चोरखमाऱ्याकडचा, आणि त्याने ती एका लाकूड ठेकेदाराकडून उचलली होती. कैलाशने दोन्ही मॅग्नेटो उघडले. एकाची आतली तार जळलेली, दुसऱ्याची बॉडी तडकलेली. चार दिवस खटपट करून त्याने दोन मेलेल्यांतून एक जिवंत उभा केला आणि टेबलावर ठेवला.

"एकाचं पोट हाय, एकाचे आतडे," तो म्हणाला. "आता कोनाचा ते तुमी दोघं ठरवा. भांडाचं असंल तं बाहेर भांडा, गिऱ्हाइक येऊन राहिलं."

ते भांडले नाहीत, चहा प्याले. ठरलं असं की अक्तीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, दिवाळीपर्यंत मॅग्नेटो एकाकडे आणि दिवाळीपासून अक्तीपर्यंत दुसऱ्याकडे. नाणं उडवलं. बिसरामच्या वाट्याला हिवाळा आला, टेकचंदच्या वाट्याला ऊन आणि चिखल. तेव्हापासून गोंदिया जिल्ह्यातला झाडून सारा चिखल टेकचंदने बीएसएवरून पाहिलेला आहे. थंडीतला निळा तलाव कसा दिसतो ते त्याला बिसरामकडून ऐकून माहीत.

आणि या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप ठरली. एकाची गाडी जिवंत म्हणजे दुसऱ्याची मेलेली. एवढे जिवलग दोस्त, पण दोघं बरोबर कधी गाडीवर निघालेच नाहीत.

ज्याच्याकडे मॅग्नेटो असेल त्याने ठरल्या दिवशी तो दुसऱ्याला नेऊन द्यायचा. अक्तीला बिसराम एसटीने यायचा, मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेलं ते लेकरू घेऊन. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा, तर त्याच्याकडे असा बघायचा की तो पुढच्या सीटवर निघून जाई. मग टायमिंग जुळवायचं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने मागचं चाक हाताने केसभर फिरवायचं, दुसऱ्याने मॅग्नेटोच्या पॉइंटांत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून ओढत राहायचं. कागद सुटला की ओरडायचं, "थांब!" ठिणगीची वेळ तीच.

"हळू बे, गारड. चाक फिरवून राहिलास का रहाट?"

"तू कागद नीट धर न, बाबू. पार्सलची पावती नोहे ते."

टायमिंग कितीही लवकर जुळायला लागलं तरी शेवटची एसटी निघून गेल्याशिवाय कधी जुळलं नाही. मग मुक्काम आलाच. बिसरामने आणलेली तलावातली मासळी, टेकचंदचा भात, आणि गप्पा. विषय एकच, गाडी. पण त्या एका विषयात सगळं येऊन जायचं. बिसराम म्हणायचा, "मागचा शॉकप नसल्यानं कंबर धरते," आणि तिथून कमरेवर, कमरेवरून त्याच्या बायकोच्या, चमेलीच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून म्हातारपणावर, आणि म्हातारपणावरून घाईने पुन्हा स्प्रॉकेटवर. दिवाळीला हाच सोहळा चोरखमाऱ्याला. तिथे टेकचंद चाक फिरवायचा आणि बिसराम "थांब" म्हणायचा.

अक्तीची ती रात्र सोडली तर टेकचंदच्या घरात जेवायला दुसरं ताट लागत नव्हतं. रुख्मा सुनेच्या बाळंतपणासाठी सव्वा महिन्याकरता पुण्याला गेली होती. तेव्हा झालेली नात, आचल, आता शाळेत जायला लागली. रुख्मा रोज व्हिडिओवर दिसते. "जेवले का?" विचारते. "जेवलो," तो म्हणतो. मग आचल येऊन फोनमध्ये आपला पडलेला दात दाखवते आणि स्क्रीनवर बराच वेळ नुसतं छत दिसत राहतं. टेकचंद पुण्याला जाऊन आला नाही असं नाही. पण आठव्या मजल्यावर माणसाने हाताला ग्रीस लावून घ्यावं असं काही नसतं. दिवसभर स्वच्छ हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे फोटोग्राफरकडे बसल्यासारखं वाटतं. तो परत आला. रोज सकाळी एकदाच वरण-भात लावतो, संध्याकाळी तोच गरम करतो.

यंदा होळीच्या आधी त्याच्या नावाने पुण्याहून खोका आला. मुलगा हिमांशूने पाठवलेला. आत स्पंजमध्ये मॅग्नेटो. दक्षिणेतल्या कुठल्याशा कारागिराने पूर्ण नवा करून दिलेला, इतका चकचकीत की टेकचंदला त्यात आपली मिशी दिसली. फोनवर निरोप होता: "बाबा, आता बारा महिने चालवा. सहा-सहा महिने वाट बघणं बंद."

टेकचंदने तो निरोप दोनदा बघितला. पोराने आपली गाडी लक्षात ठेवली. त्याने मॅग्नेटो हातात घेतला, आस फिरवून बघितला, आणि फिरवता फिरवता थांबला. दोन मॅग्नेटो झाले, तर अक्तीला बिसराम कशाला येईल? दिवाळीला आपण कशाला जाऊ?

आयुष्यभर लोकांचं पार्सल ज्याचं त्याला देणाऱ्या माणसाने त्या दिवशी आपलं पार्सल तांदळाच्या ड्रममध्ये खोल पुरून ठेवलं. रोज तांदूळ काढताना माप त्यावर आपटे, खण्ण वाजे, आणि तो घरात एकटा असूनही इकडेतिकडे बघे.

अक्तीला बिसराम आला. मांडीवर लेकरू. टायमिंग झालं, शेवटची एसटी गेली, मासळी ताटात आली. टेकचंदला वाटलं, निभावलं. तेवढ्यात व्हिडिओ आला. रुख्मा नव्हती, हिमांशू होता.

"बाबा, नवीन मॅग्नेटो कसा चालतोय?"

टेकचंदने फोन झटकन छताकडे केला. पण आवाज काही छताकडे जात नाही.

"चालून राहिला, चालून राहिला. मंग करतो फोन." त्याने बंद केला.

बिसराम ताटातला काटा बाजूला काढत म्हणाला, "कोनता नवा?"

टेकचंदला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलायची सवय ठेवली नसली की ऐन वेळी सुचत नाही. त्याने हात धुतले, ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि मॅग्नेटो काढून समोर ठेवला. बिसरामने तो दुपट्ट्याने पुसला.

"कवा आला हा?"

"होळीच्या आधी."

"अन काऊन नाही सांगतलास?"

"सांगनारच होतो."

"तांदूळ सरल्यावर?"

टेकचंद मान खाली घालून बसला. आता हा रागावणार, दुपट्टा खांद्यावर टाकणार. पण बिसरामने त्याच्या पाठीवर असा रट्टा दिला की त्याचा गिळलेला घास बाहेर यायचा राहिला.

"अबे बह्याडा, दोन झाले न! आता आपन संगं जाऊ!"

हे टेकचंदच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस तो ड्रमकडे चोरासारखा बघत होता, आणि ड्रममध्ये ही गोष्ट होती! त्या रात्री दोघांनी जिल्ह्याचे सगळे रस्ते तोंडाने पालथे घातले. सकाळी बिसराम जुना मॅग्नेटो दुपट्ट्यात बांधून निघाला. नवा त्याने घेतला नाही. "तुह्या पोरानं तुले देल्ला," म्हणाला.

"तिकडं चाक कोन फिरवंल?"

"पाहू न," बिसराम म्हणाला आणि एसटीत चढला.

आठवड्याने तो पहिल्यांदाच आपल्या गाडीवर फुलचूरला आला. समोरचे भाडेकरू गॅलरीत आले. दोघं आधी नागऱ्याला महादेवाच्या पाया पडले आणि मग तिरोड्याच्या रस्त्याला लागले. टेकचंदने बोलायचं बरंच साठवून ठेवलं होतं. "गारड, तो गुलमोहर पाह्य!" तो ओरडला. बिसरामने मागे बघून हात हलवला. दोन बीएसए शेजारी चालल्या की बोलणं सोडाच, आपण काय विचार करतोय तेही ऐकू येत नाही. त्यातून बिसरामची गाडी अंगाने हलकी. तो पुढे, टेकचंद मागे. सगळ्या रस्त्याभर त्याला दोस्ताची पाठ दिसली.

तलावाच्या पाळीवर थांबले, टपरीवर चहा घेतला. दोघांच्याही कानात अजून इंजिन चालू होतं.

"मस्त झालं," बिसराम म्हणाला.

"काय?"

"मस्त झालं म्हनतो!"

"हाव, मस्त झालं."

मग बिसराम आपल्या गावाच्या रस्त्याला वळला आणि टेकचंद उजेड असताना घरी पोचला. मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. गाडी आहे म्हटल्यावर मुक्काम कशासाठी? त्याने सकाळचं वरण गरम केलं.

पुढे धानाची रोवणी आली, बिसराम शेतातल्या बांधीत अडकला. पोळ्यानंतर एकदा टेकचंद न राहवून गाडी काढून थेट त्याच्या घरी गेला. बिसराम शेतावर होता. चमेलीने गूळ घालून चहा दिला, खाट टाकली आणि चिंतेने विचारलं, "काई काम होतं का, भाऊजी?"

टेकचंदने खूप आठवून बघितलं. "नाही, इकडून जाऊन राहिलो होतो," तो म्हणाला. त्या घराच्या पुढे रस्ता संपून जंगल सुरू होतं. त्याने कप धुऊन पालथा घातला आणि निघाला.

दिवाळी आली. मॅग्नेटो नेऊन द्यायचा दिवस आला आणि नेऊन द्यायला काही नव्हतं. दिवसभर टेकचंदने गाडी पुसली. पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याने फोन लावला.

"गारड, टायमिंग हललं वाटते बे. एकट्यानं काही जमून नाही राहिलं."

"जमते न," पलीकडून बिसराम म्हणाला. मागे मळणीचं मशीन चालू होतं. "मांगचं चाक पायानं सरकव, कागद हातानं धर. मी तसाच करतो."

"कवापासून?"

"पयलेपासूनच."

टेकचंदने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मंग इथं मी 'थांब, थांब' म्हनत होतो तवा?"

"थांबत होतो न."

"अन मी तुह्या घरी येऊन चाक फिरवत होतो ते?"

"सांगतलो असतो तं तू आला असतास का?" मशीनचा आवाज मागे पडला, बिसराम चालत लांब गेला असावा. "घरून निघाले काईतरी काम पायजे, बाबू. मॅग्नेटो द्याचा हाय म्हटलं का चमेली काई म्हनत नव्हती."

"ये न मंग."

"आता का सांगू तिले? धान पडून हाय खळ्यावर."

"मी येतो."

"ये न. का काम काढून येतेस?"

टेकचंद विचारात पडला. पलीकडे बिसरामही विचारात पडला.

"क्लच?" टेकचंदने विचारलं.

"नवाच टाकलो. तुही चेन?"

"टाइट हाय. तुह्या कारबोरेटरचं?"

"कैलाशनं करून देल्लं. मस्त चालून राहिला." मग बिसरामने जरा आशेने विचारलं, "पन तुह्या टायमिंगचं म्हनत होतास न?"

टेकचंदने शेडखाली उभ्या गाडीकडे बघितलं.

"ते तं… नाही हललं," तो म्हणाला.

दोन्ही गाड्या इतक्या ठणठणीत कधीच नव्हत्या. फोन मात्र कोणी ठेवला नाही.